आतड्यातले विष आणि मेचनिकॉफचे हृदय

पॅरिसमध्ये जून १९०४ मध्ये एका शास्त्रज्ञाने म्हातारपणावर जाहीर व्याख्यान दिले आणि त्यानंतर शहरातले लोक दुधाच्या दुकानांत दह्याची चौकशी करू लागले. खरे तर व्याख्यान दह्यावर नव्हतेच. माणूस म्हातारा का होतो, त्याच्या रक्तवाहिन्या कडक का होतात आणि या सगळ्यात त्याच्या मोठ्या आतड्याचा हात किती, हा विषय होता. बोलण्याच्या ओघात वक्त्याने बल्गेरियातल्या शेतकऱ्यांचा दाखला दिला. ते लोक आंबट दूध भरपूर खातात आणि पुष्कळ जगतात, एवढेच. वर्तमानपत्रांनी नेमके तेवढेच उचलले. रक्तवाहिन्या मागे राहिल्या, दही पुढे गेले.

त्या वक्त्याचे नाव इल्या मेचनिकॉफ. फ्रान्समध्ये त्याला एली म्हणत. प्रतिकारशक्तीच्या शास्त्राचा तो एक जनक, १९०८ च्या नोबेल पुरस्काराचा मानकरी. पण आज हृदयरोगाचे संशोधक त्याचे नाव घेतात ते वेगळ्याच कारणासाठी. आतड्यातल्या जीवाणूंनी तयार केलेली विषद्रव्ये रक्तात उतरतात आणि धमन्यांची नासाडी करतात, हे त्याने शंभर वर्षांपूर्वी ठासून सांगितले होते. लोक हसले, मग विसरले. गेल्या पंधरा-वीस वर्षांत मात्र ती जुनी फाइल पुन्हा उघडली गेली आहे.

मेचनिकॉफचा जन्म १५ मे १८४५ चा. आजच्या युक्रेनमधल्या खारकिव्हजवळच्या एका खेड्यात, तेव्हाच्या रशियन साम्राज्यात. वडील झारच्या खास पलटणीतले अधिकारी, आई मूळच्या ज्यू घराण्यातली. पाच भावंडांत हा शेंडेफळ. पोर इतके चुळबुळे की घरात त्याला पारा म्हणत. खारकिव्हच्या विद्यापीठातला चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याने दोन वर्षांत संपवला आणि तो जर्मनी, इटली असा समुद्रजीवांच्या मागे भटकू लागला. विशीतच एका चपट्या कृमीच्या पेशी अन्नाचे कण गिळून आतल्या आत पचवतात, हे त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशी खाऊ शकते, ही गोष्ट त्याच्या डोक्यात कुठेतरी जाऊन बसली. तिचा उपयोग व्हायला सतरा-अठरा वर्षे जावी लागली.

तोवर आयुष्याने त्याला बरेच रगडले. पहिली पत्नी ल्युडमिला क्षयाने इतकी खंगलेली होती की लग्नाच्या दिवशी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. तिच्यासाठी हवापालट करत तो मदेइरा बेटापर्यंत गेला, पण १८७३ मध्ये ती गेलीच. त्यानंतर त्याने मॉर्फिन घेऊन जीव देण्याचा प्रयत्न केला. मात्रा इतकी जास्त झाली की उलटी होऊन तो वाचला. दोन वर्षांनी ओडेसाला त्याच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबातल्या ओल्गाशी त्याचे लग्न झाले. ती जेमतेम सोळा-सतरा वर्षांची होती. पुढे ती त्याची सहकारी झाली आणि त्याची चरित्रकारही. १८८१ मध्ये, झार दुसऱ्या अलेक्झांडरच्या हत्येनंतरच्या धुमश्चक्रीत, खचलेल्या मेचनिकॉफने उलटून येणाऱ्या तापाच्या रोग्याचे रक्त स्वतःला टोचून घेतले. मेलो तर सुटलो, आणि जगलो तर हा ताप रक्तातून पसरतो की नाही ते तरी कळेल, असा तो हिशेब होता. आजार जबर झाला. तो बरा झाला आणि त्यानंतर मात्र जगण्याबद्दलची त्याची असोशी कधी कमी झाली नाही.

विद्यापीठातल्या राजकारणाला कंटाळून त्याने १८८२ मध्ये राजीनामा दिला आणि कुटुंबासह सिसिलीतल्या मेसिनाला मुक्काम हलवला. एके दिवशी घरची मंडळी सर्कशीतल्या माकडांचे खेळ बघायला गेली होती. हा एकटाच सूक्ष्मदर्शकाशी. तारामाशाची काचेसारखी पारदर्शक अळी समोर होती आणि तिच्या अंगात काही पेशी स्वैर फिरत होत्या. त्याला वाटले, या पेशी अन्न गिळतात तशा शरीरात घुसलेल्या शत्रूलाही गिळत असतील का? काटा रुतला की त्याभोवती पू धरतो, हे सगळ्यांनाच ठाऊक. पू म्हणजे या पेशींचीच जमलेली फौज नसेल ना? त्याने घराच्या बागेतून गुलाबाचे काटे आणले, अळ्यांच्या कातडीखाली खुपसले आणि रात्रभर तळमळत राहिला. सकाळी काट्यांभोवती पेशींचा गराडा पडलेला होता.

या भक्षक पेशींना पुढे ग्रीक भाषेतून ‘फॅगोसाइट’ असे नाव मिळाले. त्यांतल्या थोराड पेशींना त्याने ‘मॅक्रोफेज’ म्हटले. हे नाव लक्षात ठेवायला हवे, कारण हृदयविकाराच्या गोष्टीत ते पुन्हा येणार आहे.

सिद्धान्त सहज स्वीकारला गेला नाही. जर्मन शास्त्रज्ञांच्या मते रोगजंतूंना मारतात ती रक्तद्रवातली रसायने, पेशी फक्त मेलेले मढे उचलतात. हा झगडा वीस वर्षे चालला. त्यात रॉबर्ट कॉखच्या गोटातला रिचर्ड फायफर हा कडवा विरोधक होता. गंमत अशी की १८९२ च्या सुमारास याच फायफरने कॉलऱ्याच्या जंतूंवर काम करताना एक वेगळेच विष ओळखले. जंतू जिवंत असताना ते बाहेर टाकत नाही, ते त्याच्या अंगातच असते आणि जंतू फुटला की मोकळे होते. त्याला त्याने ‘एंडोटॉक्सिन’ म्हटले. मेचनिकॉफ आतड्यातून झिरपणाऱ्या विषाबद्दल बोलू लागला तेव्हा हे विष त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या खात्यावर जमा होते. त्याने स्वतः भर दिला तो दुसऱ्याच द्रव्यांवर.

ओडेसात १८८६ मध्ये लसीकरणाची संस्था निघाली आणि तिचे प्रमुखपद मेचनिकॉफकडे आले. तो डॉक्टर नव्हता, याचा राग स्थानिक डॉक्टरांना होता. त्यात एकदा तो परगावी असताना मेंढ्यांना दिलेली काळपुळीची लस उलटली आणि हजारो मेंढ्या दगावल्या. त्याला तिथे राहणे अशक्य झाले. बर्लिनमध्ये कॉखने थंडपणे वागवले, पॅरिसमध्ये म्हाताऱ्या पाश्चरने हसतमुखाने प्रयोगशाळा देऊ केली. १८८८ मध्ये तो पाश्चर संस्थेत आला आणि मरेपर्यंत तिथेच राहिला. विस्कटलेली दाढी, खिशात कागदांची भेंडोळी, बोलायला लागला की थांबायचे नाव नाही. तरुण संशोधक त्याच्या प्रयोगशाळेत रांग लावत.

त्यांतल्या एकाचा मुंबईशी जवळचा संबंध आहे. वाल्डेमार हाफकिन हा ओडेसापासूनचा त्याचा विद्यार्थी. ज्यू असल्यामुळे रशियात प्राध्यापकीचे दार बंद, म्हणून मेचनिकॉफच्या ओळखीने पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात साहाय्यक म्हणून लागला आणि उरलेल्या वेळात कॉलऱ्याची लस बनवू लागला. तोच पुढे १८९६ च्या प्लेगमध्ये मुंबईला आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची.

कॉलऱ्यानेच मेचनिकॉफलाही आतड्याकडे वळवले. १८९२ च्या साथीत त्याने कॉलऱ्याच्या जंतूंचे मिश्रण चक्क पिऊन पाहिले. काही झाले नाही. एका मदतनिसाने प्यायले, त्यालाही काही नाही. आणखी एकाने प्यायले आणि तो मरणाच्या दारातून परतला. आज असा प्रयोग करणाऱ्याला थेट कोठडीत टाकतील, पण त्यातून निघालेला प्रश्न खरा होता. तोच जंतू एकाला मारतो आणि दुसऱ्याला का सोडतो? मेचनिकॉफने प्रयोगशाळेतल्या बशांमध्ये कॉलऱ्याचे जंतू इतर जीवाणूंच्या शेजारी वाढवून पाहिले. काही शेजारी त्यांना वाढू देत, काही वाढू देत नसत. मग माणसाच्या पोटातही आधीपासून राहणारे भाडेकरू कोण आहेत, यावर रोगाचा निकाल ठरत असणार. आज मायक्रोबायोम या शब्दाखाली जे सगळे चालते त्याची ही सुरुवात म्हणायला हरकत नाही.

पन्नाशी ओलांडली तसा तो म्हातारपणाच्या मागे लागला. ‘जेरोंटॉलॉजी’ म्हणजे वार्धक्यशास्त्र हा शब्द त्याचाच, १९०३ चा. त्याच्या मते म्हातारपण हा निसर्गनियम कमी आणि दुखणे जास्त होते. आणि त्या दुखण्याचा उगम मोठ्या आतड्यात. तिथे न पचलेले अन्न साचून राहते आणि अब्जावधी जीवाणू ते कुजवतात. मांस, अंडी, दूध यांतली प्रथिने कुजली की फिनॉल, पॅराक्रेसॉल, इंडॉल अशी द्रव्ये तयार होतात. ती आतड्याच्या भिंतीतून रक्तात जातात आणि थोडीथोडी, वर्षानुवर्षे, धमन्या, यकृत, मूत्रपिंड आणि मेंदू पोखरतात. विषाने दुबळ्या झालेल्या पेशींवर मग शरीरातल्याच मॅक्रोफेज पेशी तुटून पडतात. कालचे राखणदार आज घर खातात. केस पांढरे होतात तेही या पेशी केसांतला रंग गिळतात म्हणून, अशी त्याची खात्री होती. ती चुकीची होती.

मोठे आतडे आहे तरी कशाला, यावरही त्याच्याकडे उत्तर होते. सस्तन प्राण्यांना शत्रूपासून पळताना वाटेत थांबावे लागू नये म्हणून निसर्गाने मळ साठवायची कोठी दिली. माणसाला वाघापासून पळायचे नसते, तर ती कोठी आता अडगळ. पक्ष्यांचे मोठे आतडे नावापुरतेच असते आणि पोपट पाहा किती जगतो, असा त्याचा दाखला. ही मांडणी ऐकायला झकास आहे, पण तिच्यात पुरावा कमी आणि कल्पनेची भरारी जास्त. मोठ्या आतड्यातले जीवाणू तंतुमय अन्नातून शरीराच्या उपयोगाची आम्ले बनवतात, आतड्याच्या आतल्या पेशी त्यांवरच पोसल्या जातात, हे कळायला पुढे बराच काळ लागला. मेचनिकॉफला त्या वस्तीत फक्त चोर दिसले.

बल्गेरियाचा दाखलाही तसाच लंगडा. शंभरी गाठलेल्यांचे तिथले आकडे जन्मनोंदीवर नव्हे, सांगीव वयावर उभे होते. तरीही त्याच सुमारास, १९०५ मध्ये, स्टामेन ग्रिगोरोव्ह या जिनिव्हात शिकणाऱ्या बल्गेरियन विद्यार्थ्याने तिकडच्या दह्यातला एक लांबट जीवाणू वेगळा काढला होता. तो लॅक्टिक आम्ल भरपूर तयार करतो. आम्लात कुजवणारे जीवाणू वाढत नाहीत, दूध आंबले की नासत नाही, हे तर प्रत्येक गृहिणीला माहीत. मग हाच जीवाणू रोज पोटात घातला तर आतड्यातले कुजणे थांबेल, असे मेचनिकॉफचे गणित. त्याची कृती सोपी होती. साय काढलेले दूध उकळायचे, निववायचे आणि शुद्ध जीवाणूंचे विरजण लावायचे. तो स्वतः १८९८ पासून रोज आंबट दूध घेत असे. कच्च्या भाज्या आणि फळे तो टाळत असे, कारण त्यांच्याबरोबर मातीतले जंतू पोटात जातात. दारू नाही, तंबाखू नाही.

लोकांनी यातले सोयीचे तेवढे घेतले. जीवाणूंच्या गोळ्या आणि बाटल्या त्याच्या नावावर विकल्या जाऊ लागल्या. दह्याने म्हातारपण जाते असे आपण म्हटले नाही, हे तो सांगत राहिला, ऐकले कोणी नाही. लंडनमध्ये तर सर विल्यम आर्बथनॉट लेन या नामांकित सर्जनने बद्धकोष्ठाच्या रोग्यांची मोठी आतडी कापून काढण्याचा सपाटा लावला. मोठे आतडे निरुपयोगी आहे असे मेचनिकॉफने लिहिले होते खरे, पण त्याचा स्वतःचा इलाज विरजणाचा होता, सुरीचा नव्हे. या शस्त्रक्रियांत माणसे मेलीही. एखादा विचार अर्धाकच्चा असताना बाजारात गेला की काय होते, त्याचा हा धडधडीत नमुना.

पण मेचनिकॉफ नुसता बोलणारा नव्हता. विषे खरोखर धमन्या बिघडवतात का, हे त्याने तपासले. पॅराक्रेसॉल आणि इंडॉल प्राण्यांना दीर्घकाळ थोड्या थोड्या मात्रेत दिले आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांत व इतर अवयवांत बिघाड दिसल्याचे १९१० मध्ये पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले.

याच कल्पनेच्या बोटाला धरून सेंट पीटर्सबर्गमध्ये आणखी एक प्रयोग झाला होता आणि त्याने हृदयरोगाच्या इतिहासाला वळणच दिले. प्राणिज प्रथिने जास्त खाल्ली की म्हातारपण लवकर येते, हे मेचनिकॉफचे म्हणणे पडताळण्यासाठी ए. आय. इग्नातोव्स्की या डॉक्टरने १९०८ मध्ये सशांना मांस, अंडी आणि दूध खाऊ घातले. सशांच्या महाधमनीत माणसासारखे थर साचले. सिद्धान्त खरा ठरला असे वाटले. पण त्याच शहरातल्या निकोलाय अनिच्कोव्ह आणि सेम्योन खालातोव्ह यांनी १९१३ मध्ये सशांना प्रथिनांऐवजी सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेले शुद्ध कोलेस्टेरॉल दिले, आणि तसेच थर पुन्हा दिसले. दोष प्रथिनांचा नव्हता, अंड्याच्या बलकातल्या कोलेस्टेरॉलचा होता. मेचनिकॉफच्या कल्पनेतून निघालेली वाट अशी कोलेस्टेरॉलकडे गेली आणि पुढची शंभर वर्षे हृदयरोगाचे शास्त्र त्याच वाटेने चालले. ते चुकीचे मुळीच नव्हते. आजही कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधे जीव वाचवतात. फक्त आतड्याची वाट ओस पडली.

मे १९०९ मध्ये मेचनिकॉफ रशियाला गेला तेव्हा यास्नाया पोल्यानाला टॉलस्टॉयना भेटला. दोघांत एक जुना धागा होता. मेचनिकॉफचा थोरला भाऊ इव्हान न्यायाधीश होता आणि १८८१ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी वारला. त्याच्या मरणावरूनच टॉलस्टॉयना इव्हान इल्यिचच्या मृत्यूची कथा सुचली. एकाने मरणाची भीती कथेत उतरवली, दुसरा तिच्यावर प्रयोगशाळेत उतारा शोधत होता. माणूस पुरेसा जगला की झोप यावी तशी मरणाची इच्छाही आपोआप होईल, अशी मेचनिकॉफची धारणा होती. ऐंशीच्या टॉलस्टॉयना त्याचा विज्ञानावरचा भरवसा भाबडा वाटला.

त्याचे स्वतःचे हृदय कुरकुरू लागले होते. १९१३ मध्ये मोठा झटका आला. त्या अवस्थेतही त्याने आपल्या नाडीची, धापेची, मनःस्थितीची टिपणे ठेवली. एखाद्या प्रयोगाच्या प्राण्याकडे पाहावे तसे तो स्वतःकडे पाहत होता. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले. प्रयोगशाळेतली तरुण मंडळी आघाडीवर गेली, प्रयोगांचे प्राणी मारून टाकावे लागले, रिकाम्या बाकांमधून तो फिरत राही. विज्ञान माणसाला शहाणे करील यावर आयुष्य पणाला लावलेल्या माणसाला हे फार लागले. १९१५ मध्ये सत्तर पुरी झाली तेव्हा त्याने आपला हिशेब मांडला. आपल्या घराण्यात कोणी फार जगलेले नाही, आपण हा आहार सुरू केला तो पन्नाशीनंतर, उशिरा, आणि कामाचा ताण तर जन्मभर. म्हणजे आपण शंभरी गाठली नाही म्हणून सिद्धान्त खोटा ठरवू नका, हे त्याला सांगायचे होते. टीकाकार काय म्हणतील याची त्याला पुरेपूर कल्पना होती.

शेवटचे महिने त्याने पाश्चर संस्थेतच, पाश्चर राहत त्या खोल्यांमध्ये काढले. १५ जुलै १९१६ रोजी तो गेला, हृदय थकल्यामुळे. वय ७१. जाण्याआधी जवळच्या एका डॉक्टर सहकाऱ्याला त्याने बजावून सांगितले होते की शवविच्छेदन करशील तेव्हा माझी आतडी नीट तपास. त्याच्या अस्थी संस्थेच्या ग्रंथालयात ठेवल्या आहेत.

तो गेल्यावर सिद्धान्ताचे धिंडवडे निघाले. १९१९ मध्ये अमेरिकेतल्या वॉल्टर अल्वारेझने दाखवले की बद्धकोष्ठाची डोकेदुखी, सुस्ती ही लक्षणे गुदाशयात नुसता कापूस भरला तरी येतात आणि काढला की जातात. विषबाधा इतक्या झटपट उतरत नाही. येल विद्यापीठात लिओ रेटगर यांनी दाखवले की बल्गेरियन दह्यातला जीवाणू माणसाच्या आतड्यात मुक्काम करतच नाही, आला तसा निघून जातो. पोट साफ ठेवण्याच्या नावाखाली वैदूंनी इतका धुमाकूळ घातला होता की आतड्यातल्या विषाचे नाव काढणारा डॉक्टर हास्यास्पद ठरू लागला.

मग ही गोष्ट पुन्हा उठली कशी? आधी उठले ते फायफरचे एंडोटॉक्सिन. ते आतड्यातल्या अनेक जीवाणूंच्या बाहेरच्या कवचाचा भाग असते, मेदाला जोडलेली साखरेची लांब साखळी. आतड्यात ते भरपूर असते आणि तिथे असेतोवर त्रास देत नाही. त्याच्या आणि रक्ताच्या मध्ये चिकट द्रवाचा लेप आणि पेशींचा एकच थर असतो. हा थर सैल पडला, किंवा स्निग्ध जेवणाबरोबर मेदाच्या थेंबांना चिकटून ते आत शिरले, की रक्तात त्याचा अंश वाढतो. जंतुसंसर्गात वाढते तितका नाही, अगदी थोडा. पण मॅक्रोफेज पेशींवर त्याला ओळखणारा खास ग्राहक रेणू असतो. तो १९९८ मध्ये उंदरांमध्ये सापडला आणि त्याबद्दल ब्रूस ब्यूटलर यांना २०११ च्या नोबेलचा वाटा मिळाला. ग्राहक रेणू चाळवला की पेशी युद्धाचा पुकारा करते. हा पुकारा रोज, हळू आवाजात चालू राहिला तर रक्तवाहिन्यांचे अस्तर चिकट होते, त्यात वाईट कोलेस्टेरॉल अडकते, ते गिळायला मॅक्रोफेज धावतात, खाऊन खाऊन फुगतात आणि तिथेच अडकून पडतात. धमनीतला थर बऱ्याच अंशी या फुगलेल्या पेशींचा बनलेला असतो. मेसिनाच्या गुलाबकाट्याभोवती जमल्या त्याच जातकुळीच्या या पेशी.

इटलीतल्या ब्रुनेको गावात ५१६ माणसांचा काही वर्षे पाठपुरावा करून १९९९ मध्ये दिसले की रक्तात एंडोटॉक्सिन सर्वाधिक असलेल्यांच्या मानेच्या धमन्यांत नवे थर साचण्याचा धोका सुमारे तिप्पट होता, धूम्रपान करणाऱ्यांत विशेष. २००७ मध्ये पॅट्रिस कानी आणि सहकाऱ्यांनी उंदरांना चार आठवडे भरपूर चरबी खाऊ घातली, तेव्हा त्यांच्या रक्तातले एंडोटॉक्सिन दुप्पट-तिप्पट झाले.

दुसरा धागा क्लीव्हलँड क्लिनिकच्या स्टॅनली हेझन यांचा. अंडी आणि मांसातले कोलीन, लाल मांसातले कार्निटिन यांपासून आतड्यातले काही जीवाणू एक वायू बनवतात आणि यकृत त्याचे ‘टीएमएओ’ नावाचे द्रव्य करते. २०१३ मध्ये हृदयाची अँजिओग्राफी झालेल्या ४,००७ रुग्णांचा तीन वर्षांचा अभ्यास आला. हे द्रव्य सर्वाधिक असलेल्या चौथाई गटात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका सर्वांत कमी असलेल्या गटाच्या अडीच पट होता. त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रयोगात कार्निटिन दिल्यावर शाकाहाऱ्यांच्या शरीरात टीएमएओ फारच थोडे तयार झाले, कारण ते बनवणारे जीवाणू त्यांच्या पोटात फारसे नव्हते. पण इथे घाई नको. समुद्रातल्या अनेक माशांत टीएमएओ मुळातच भरपूर असते, आणि मासे खाणाऱ्यांना हृदयरोग जास्त होतो असे दिसत नाही. शिवाय मूत्रपिंड मंदावले की हे द्रव्य रक्तात साचते, त्यामुळे ते रोगाचे कारण किती आणि खूण किती, यावर वाद आहे.

मेचनिकॉफच्या मूळ विषांचे काय झाले, तेही पाहायला हवे. पॅराक्रेसॉल आणि इंडॉल यकृतात गेल्यावर त्यांना सल्फेट जोडले जाते आणि निरोगी मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांत ती साचतात. ती रक्तातल्या प्रथिनांना इतकी घट्ट चिकटून असतात की डायलिसिसच्या यंत्रातूनही पुरती निघत नाहीत. आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांत सर्वाधिक मृत्यू होतात ते हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळेच. त्यांच्या धमन्या लवकर कडक का होतात, याच्या संभाव्य कारणांत ही दोन नावे आज अग्रभागी आहेत. त्यांना आतड्यातच अडवण्यासाठी कोळशाच्या गोळ्यांपासून तंतुमय आहारापर्यंत उपाय तपासले जात आहेत. जीवाणूंना पुरेसे तंतू मिळाले की ते प्रथिने कुजवण्यापेक्षा तंतू आंबवतात, असे त्यामागचे तत्त्व आहे. कोशिंबीर, कच्ची फळे, साली असलेली कडधान्ये यांत असतो तोच हा तंतू. त्यांतल्या कच्च्या भाज्या आणि फळे मेचनिकॉफ जंतूंच्या भीतीने ताटाबाहेर ठेवत आला होता.